एक लांब, दोन आखूड

भिलाईहून बोलतोय. मागचे काही भाग आपण रणगाडे आणि तोफांमध्ये घालवले. आज टेबलावरच्या कंप्यूटरपाशी थांबू. नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं की चांगला चालणारा कंप्यूटर सुरू का होत नाही, एवढाच विषय आहे. छोटा वाटेल, पण त्याच्या मागे चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात मुंबई-पुण्याचंही एकेक पान आहे.

सुरुवात माझ्याच घरापासून करतो. दिवाळी झाली होती, तुळशीचं लग्न दोन-तीन दिवसांवर आलं होतं. आमच्या गल्लीतला एक मुलगा कॅबिनेट दोन्ही हातांनी पोटाशी धरून दारात उभा राहिला. याचे आजोबा यवतमाळकडून प्लांटमध्ये नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकून आहे, आमच्या भिलाईच्या पद्धतीने हिंदी कालवलेली. मुलगा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, म्हणजे त्याचा हंगाम सुरू होतो. काम जरा पळावं आणि दोन मॉनिटर जोडता यावेत म्हणून त्याने साडेतीन हजारांना एक जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. बसवलं, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच.

"कर्नल आजोबा, दुकानवाले बोलले मदरबोर्ड गेला. नवीन नऊ हजाराला पडेल." आणि मग खाली बघत, "बाबा चिल्लावले. बोलले, चालू मशीनला छेडायचं कशाला?"

दोन लग्नांचं फुटेज त्याच मशीनमध्ये होतं. एका पार्टीकडून बयाणा घेऊन झाला होता आणि त्याच पैशातून हे कार्ड आलं होतं.

मी काय केलं सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. मी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणालो, "जुना माल आहे, मेलेला असणार. परत कर." सगळी नोकरी ई.एम.ई.मध्ये काढली, म्हणजे बिघडलेली यंत्रं उभी करण्यात. एकही चाचणी न घेता मी निकाल देऊन मोकळा झालो. दुकानदाराने मदरबोर्डला फाशी दिली, मी कार्डला. पुरावा दोघांकडेही नव्हता.

मुलगा गेल्यावर ते मनातून जाईना. कारण असला काळा पडदा मी आधी पाहिला होता, १९८९ साली. तिथे आपण येऊच. आधी यंत्र 'चालू होतं' म्हणजे आत काय होतं ते बघू.

भिलाईच्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. आमच्या प्लांटची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. फोटोत दिसतो तो एक क्षण. पण भट्टी अशी क्षणात सुरू होत नाही. आतलं विटांचं अस्तर आधी हळूहळू वाळवावं लागतं, तापवावं लागतं, मग कोक, मग खनिज, मग गरम हवेचा झोत. क्रम चुकला तर भट्टीच तडकते. कंप्यूटरचंही तेच आहे, फक्त काही सेकंदांत. बटण दाबल्यावर प्रोसेसरला काहीही ठाऊक नसतं. मेमरी किती, डिस्क कुठे, पडदा कुठला, काही नाही. एका ठरलेल्या पत्त्यावर बसवलेला छोटासा प्रोग्राम तो वाचू लागतो आणि तो प्रोग्राम त्याला एकेका भागाची ओळख करून देतो. या क्रमाला बूट होणं म्हणतात. आम्हा फौजींना बूट म्हटलं की पॉलिश आठवतं, पण शब्द तिथलाच आहे. बुटाच्या मागे ओढायला जी पट्टी असते ती धरून स्वतःलाच वर उचलायचं, अशी इंग्रजीतली थट्टा आहे. ज्याला काहीच येत नाही त्याने स्वतःला सगळं शिकवायचं, म्हणून बूटस्ट्रॅप.

आपल्याकडे हे काम आधी माणूस करायचा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी एक कंप्यूटर उभा केला. छोटं प्रायोगिक यंत्र १९५६मध्ये चाललं, पूर्ण यंत्र १९६०मध्ये. जानेवारी १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक. सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह, आणि मेमरी २,०४८ शब्दांची. प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून आत जायचा. मला यातली आवडणारी गोष्ट वेगळी आहे. उत्तरं टेलिप्रिंटरवर यायची, पण या मंडळींनी त्याला चित्रनळीचा पडदाही जोडला होता आणि त्यावर आलेख आणि अक्षरं उमटत. पडद्यावर चित्र काढणारा कंप्यूटर कुलाब्यात, त्या काळात! मात्र तिथे पडदा बिघडला तर यंत्राला कुणाला कळवायची गरज नव्हती. समोर इंजिनिअर उभे असत, पॅनेलवरचे दिवे वाचत.

अडचण सुरू झाली ती यंत्र इंजिनिअरच्या हातून कारकुनाच्या टेबलावर आल्यावर.

१२ ऑगस्ट १९८१ला आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला. तरुण मंडळींना आश्चर्य वाटेल, पण त्याच्या मदरबोर्डवर पडद्याची सोयच नव्हती. पडद्यासाठी कार्ड वेगळं घ्यायचं आणि खाचेत बसवायचं. कार्डं दोन. एक मोनोक्रोम, ज्यावर फक्त अक्षरं, पण ठसठशीत. ऑफिसचं काम त्यावर चाले. दुसरं कलर ग्राफिक्स, ज्यावर ३२० बाय २०० ठिपके आणि एका वेळी चार रंग. कुठलं कार्ड बसवलंय हे यंत्राला आपोआप कळत नसे. मदरबोर्डवर आठ बारीक खटक्यांची पट्टी होती, त्यातले पाचवा आणि सहावा खटका पडद्यासाठी. मोनोक्रोम असेल तर असे, कलर असेल तर तसे. पेनच्या टोकाने सरकवायचे.

आता आयबीएमच्या माणसांपुढे प्रश्न आला. सुरू होताना यंत्र स्वतःची तपासणी करतं. मेमरी बिघडली, पडद्यावर आकडा दाखवता येतो. कीबोर्ड नाही, तेही पडद्यावर लिहिता येतं. पण पडद्याचं कार्डच बोलत नसेल तर ते कुठे लिहायचं? मुक्याने आपण मुके आहोत हे कसं सांगायचं? त्यांनी कॅबिनेटमधल्या लहानशा स्पीकरला कामाला लावलं. सगळं ठीक असेल तर एक आखूड बीप. मदरबोर्डची तक्रार असेल तर एक लांब, एक आखूड. आणि पडद्याच्या कार्डाची तक्रार असेल तर एक लांब, दोन आखूड.

सिग्नलवाल्यांना हसू येईल. टेबलावरचं अत्याधुनिक यंत्र शेवटी मोर्सच्याच आश्रयाला आलं.

आता १९८९. आमच्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात एक पीसी होता, आयबीएमच्या धर्तीवर बनवलेला. हिरव्या अक्षरांचा पडदा. वरून कुठूनतरी कलर कार्ड आणि कलर मॉनिटर मिळाला. मी तेव्हा कॅप्टन, उत्साह भरपूर. जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं, सुभेदार साहेबांसह सगळे गोळा झाले आणि बटण दाबलं. काळा पडदा आणि पीऽऽऽप, पिप, पिप. मी बंद करून पुन्हा लावलं. तेच. तीन दिवस आम्ही कार्ड खराब आहे असं धरून चाललो, परत पाठवायचे कागद टाइप झाले. चौथ्या दिवशी एका हवालदाराने पुस्तिका चाळताना विचारलं, "साहब, ये स्विच बदलना था क्या?" दोन खटके सरकवले आणि पडद्यावर रंग आले. यंत्र तीन दिवस त्याच्या परीने मला सांगत होतं. मोनोक्रोमच्या पत्त्यावर ते कार्ड शोधत होतं, तिथे कुणी नव्हतं, आणि ते तसं कळवत होतं. ऐकणारा अडाणी होता.

इथे थोडं थांबून आपल्या लिपीबद्दल बोललं पाहिजे. मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. ग्राफिक्स कार्ड म्हटलं की आज गेम आठवतात. पण पडद्याच्या कार्डात सुधारणा करायला भाग पाडलं त्यात आपल्यासारख्या लिप्यांचा मोठा वाटा आहे. मोनोक्रोम कार्डावर अक्षरांचे साचे पक्के कोरलेले असत, एकूण २५६. प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट, ओळीत ८० चौकटी, अशा २५ ओळी. इंग्रजीला भरपूर झालं. पण ज्या लिपीत वर-खाली चिन्हं लागतात तिचं काय? व्हॅन सुवन्नुकुल नावाच्या थायलंडच्या विद्यार्थ्याला अमेरिकेत आपला डॉक्टरेटचा प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. आयबीएमच्या कार्डावर ते होईना. म्हणून त्याने स्वतःच कार्ड बनवलं, ज्यात त्याच मोनोक्रोम पडद्यावर ७२० बाय ३४८ ठिपके एकेक करून लावता येत. १९८२चं ते हर्क्युलीस कार्ड. पुढे जगभर त्याच्या नकला झाल्या. आमच्या ऑफिसातलं हिरवं कार्ड तशीच एक नक्कल होती.

आणि देवनागरी? 'क्ष' घ्या, 'र्त्स्य' घ्या. वेलांटी आधी काढायची पण उच्चारायची नंतर. उकार खाली, रफार वर. हे त्या ८० बाय २५च्या चौकटीत कसं बसवणार? आयआयटी कानपूरमध्ये प्रा. आर. एम. के. सिन्हांच्या हाताखाली यावर काम सुरू झालं. १९८३मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात देवनागरी कंप्यूटर दाखवला गेला. त्या कामातले एक तरुण इंजिनिअर मोहन तांबे. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं. आपण सी-डॅकला परम महासंगणकामुळे ओळखतो, डॉ. विजय भटकरांच्या नावाने ओळखतो. पण जिस्टचं कामही तिथेच आलं आणि त्यातून निघालं जिस्ट कार्ड.

हे कार्ड पीसीच्या खाचेत बसायचं. त्याची युक्ती अशी की वर्डस्टार, डीबेस, लोटस हे सगळे इंग्रजी प्रोग्राम जसेच्या तसे चालत. त्यांना पत्ताही नसे की पडद्यावर मराठी उमटतेय. प्रोग्राम आपला आकडे लिहीत जायचा. आकड्यांचा खालचा अर्धा भाग इंग्रजीचा, वरचा अर्धा भारतीय लिप्यांचा. कार्ड ते आकडे वाटेत पकडून जोडाक्षरं जुळवायचं, काना-मात्रा जागेवर बसवायचं आणि पडद्याला द्यायचं. या आकड्यांची यादी म्हणजे इस्की. भारतीय मानक संस्थेने १९९१मध्ये ती प्रमाण केली. आज तुम्ही मोबाइलवर माझं हे भाषण वाचताय ते युनिकोडमध्ये. त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. म्हणजे मराठी पडद्यावर आधी आली ती एका खाचेत खोचलेल्या कार्डातून, आणि कार्ड गेलं तरी त्याचा क्रम राहिला.

पुढचा टप्पा जरा तांत्रिक आहे, पण आमच्या मुलाच्या मशीनचं उत्तर त्यातच दडलंय, तेव्हा सोसा.

खटक्यांनी किती दिवस चालणार? रोज नवं कार्ड निघतंय. यंत्राच्या प्रोग्रामला प्रत्येकाची ओळख आधीपासून कशी असणार? मग तोडगा असा निघाला की कार्डाने आपलं ओळखपत्र स्वतःबरोबर आणायचं. कार्डावरच्या चिपमध्ये छोटा प्रोग्राम ठेवायचा आणि त्याच्या तोंडाशी ठरलेले दोन आकडे, ५५ आणि एए. यंत्र सुरू होताना ठरलेल्या पत्त्यांवर दर दोन किलोबाइटवर दार ठोठावत जातं. जिथे ५५-एए सापडेल तिथे थांबतं आणि म्हणतं, तुझा प्रोग्राम तूच चालव, तुझ्या पडद्याची तयारी तूच कर. संत्री पासवर्ड विचारतो, तसंच. आयबीएमच्या १९८४च्या ईजीए कार्डावर असा प्रोग्राम होता. १९८७च्या व्हीजीएने तीच पद्धत पुढे नेली आणि ती जगभर रूढ झाली. त्याच १९८४मध्ये आयबीएमच्या एटी मॉडेलने बहुतेक खटकेही घालवले. सेटिंग आता बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत गेलं. तुमच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा सेल दिसतो ना, तो त्या बॅटरीचा वंशज. काहीच सुचत नसेल तेव्हा वीज काढून तो सेल काही मिनिटं बाहेर ठेवा असं सांगतात, त्याचं कारण हेच. यंत्र आपली सेटिंग विसरतं आणि कारखान्यातून आलं तसं होतं.

खाचांचा इतिहास मात्र भराभर सांगून पुढे जातो, कारण आज त्या बहुतेक कबाडात आहेत. १९९२ला पीसीआय आली, १९९७ला खास ग्राफिक्ससाठी एजीपी. एजीपीने पुष्कळांचे पैसे बुडवले. पहिल्या पिढीची कार्डं ३.३ व्होल्टची, नंतरची १.५ व्होल्टची. खाचेत कट वेगळ्या जागी ठेवले होते, पण सगळ्या कार्ड बनवणाऱ्यांनी ते पाळले नाहीत. चुकीचं कार्ड चुकीच्या बोर्डात बसलं तर पडदा काळा राहून भागत नसे, बोर्डच जळायचा. २००४पासून पीसीआय एक्सप्रेस बाजारात आली आणि खाचेचा तंटा बराच मिटला.

मग विजेचा तंटा सुरू झाला. पीसीआय एक्सप्रेसची मोठी खाच कार्डाला ७५ वॅट देते. त्याहून जास्त हवं तर वरून वायर. सहा पिनांची ७५ वॅट, आठ पिनांची १५० वॅट. ती वायर लावायची राहिली, तर पंखा फिरेल किंवा न फिरेल, पडदा नक्की काळा. आणखी एक सापळा आहे. प्रोसेसरचा आठ पिनांचा कनेक्टर आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर लांबून जुळे भाऊ दिसतात. दोघांत १२ व्होल्ट आणि अर्थ बरोबर उलट्या बाजूंना आहेत. पिनांचे आकार वेगळे ठेवलेत, म्हणून सहज जात नाही. पण जोर लावणारे वीर आपल्याकडे कमी नाहीत. जात नसेल तर ढकलू नका. अगदी अलीकडे, २०२२मध्ये, ६०० वॅटपर्यंतचा नवा बारीक कनेक्टर आला आणि काही महागड्या कार्डांवर तो पूर्ण आत न बसल्याने वितळल्याच्या बातम्या आल्या. एवढं किमती कार्ड आणि बिघाड एक-दोन मिलिमीटरचा.

आता शेवटचा बदल, आणि आमच्या मुलाचा खरा शत्रू.

ते ५५-एए असलेले कार्डावरचे प्रोग्राम १९८१च्या प्रोसेसरच्या भाषेत, सोळा बिटांत लिहिलेले असत. पुढे प्रोसेसर बत्तीस बिटांचे झाले, चौसष्टचे झाले, तरी सुरू होताना प्रत्येक यंत्र क्षणभर १९८१चं सोंग घ्यायचं, केवळ या प्रोग्रामांसाठी. ते बदलायला इंटेलने नवी व्यवस्था काढली आणि २००५पासून अनेक कंपन्यांनी मिळून ती यूईएफआय नावाने चालवली. २०१२च्या अखेरीस विंडोज ८ आलं आणि ही व्यवस्था घरोघर पोचली. तिच्यात कार्डाच्या चिपमधला प्रोग्रामही नव्या पद्धतीचा लागतो. त्याला जीओपी म्हणतात. त्याआधीच्या बहुतेक कार्डांत तो नाही. मधल्या काळासाठी मदरबोर्डवर एक दुभाषा ठेवला, त्याचं नाव सीएसएम. दुभाषा जागा असेल तर जुनं कार्ड चालतं. त्याला सुट्टी दिली की नवा बोर्ड आणि जुनं कार्ड समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांचं एक अक्षर त्यांना कळत नाही. दोघंही धडधाकट, पडदा काळा.

उलट दिशेनेही होतं. २०१८मध्ये एनव्हिडियाला आपल्या काही पिढ्यांच्या कार्डांसाठी दुरुस्तीचा प्रोग्राम द्यावा लागला. नव्या डिस्प्लेपोर्टचा मॉनिटर जोडला तर विंडोज पूर्ण सुरू होईपर्यंत पडदा काळाच राहत होता. कार्ड चांगलं, मॉनिटर चांगला, वायर चांगली. किती कार्डं उगाच परत गेली असतील!

तर त्या रात्री मला १९८९चा हवालदार आठवला. सकाळी मुलाला फोन केला. "कार्ड परत केलंस का?"

"नाही आजोबा, उद्या जाणार होतो."

"जाऊ नको. मशीन घेऊन ये. आणि मदरबोर्डची पुस्तिका असेल तर तीही."

या वेळी क्रमाने गेलो. कॅबिनेट उघडण्याआधी मागून वायर काढली, बटण दाबून उरलेली वीज जाऊ दिली, पत्र्याला हात लावून अंगातली काढली. मॉनिटरची वायर कार्डात होती, बोर्डात नव्हती. पहिली चूक बहुतेकांची तिथेच असते, त्याची नव्हती. कार्ड खाचेत टोकापर्यंत बसलेलं, मागची कडी लागलेली. सहा पिनांची वायर लावलेली, एसएमपीएस पुरेसा. तरी संध्याकाळी आम्ही दुसरा एसएमपीएस आणून लावून पाहिला. तो माझा हट्ट, आणि तो वेळ वाया गेला.

मग बटण दाबलं आणि पडद्याकडे न बघता कीबोर्डकडे बघितलं. सुरुवातीला काही नाही. अर्धा-एक मिनिट गेल्यावर कॅप्स लॉक दाबलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. हार्ड डिस्कचा दिवाही लुकलुकत होता.

"बेटा, हे मेलेलं नाही. आत विंडोज चालू झालंय. मेलेला बोर्ड कॅप्स लॉक लावत नाही."

त्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल झाला. फुटेज शाबूत होतं हे त्याला कळलं.

आता यंत्राचं म्हणणं ऐकायचं होतं, पण हल्लीच्या कॅबिनेटमध्ये स्पीकरच नसतो. पैसे वाचवायला काढून टाकतात. बोर्डावर त्याच्या पिना मात्र अजून असतात. सुपेलाच्या बाजारात एक जुना दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडे डब्यात असे बझर पडलेले होते. मुलगा स्कूटरवर जाऊन घेऊन आला. वीस रुपये. पिनांवर लावला, बटण दाबलं. पीऽऽऽप, पिप, पिप, पिप.

एक लांब, तीन आखूड. तिसरा ऐकून मी गोंधळलो, म्हणून पुस्तिका उघडली. आयबीएमचं व्याकरण आता प्रत्येक कंपनीने आपापलं केलंय. काही बोर्डांवर एक लांब दोन आखूड म्हणजे मेमरी सापडत नाही, आणि पडद्याच्या कार्डासाठी तीन आखूड. म्हणून आवाज पाठ करू नका, आपल्या बोर्डाची पुस्तिका बघा. याच्या पुस्तिकेत लिहिलं होतं: ग्राफिक्स कार्ड आढळलं नाही. कार्ड तर समोर खाचेत होतं, पंखा फिरत होता. म्हणजे आढळत होतं, ओळखता येत नव्हतं.

कार्ड काढलं. मॉनिटरची वायर बोर्डावर लावली. प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर मशीन लगेच सुरू झालं. म्हणजे मदरबोर्ड निर्दोष सुटला. डिलीट दाबून सेटिंगमध्ये गेलो. सीएसएम बंद होतं. विंडोज ११ टाकताना कुणीतरी बंद केलेलं असणार, त्यात चूक काही नाही. कार्ड २०११च्या सुमाराचं. दुभाषा रजेवर.

बदल करण्याआधी एक गोष्ट केली, ती तुम्हीही करा. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप आहे का ते पाहिलं. असेल तर त्याची रिकव्हरी किल्ली आधी कागदावर लिहून ठेवायची, कारण सुरू होण्याच्या सेटिंगला हात लावला की विंडोज ती मागू शकतं. याच्याकडे कुलूप नव्हतं. मग सिक्युअर बूट बंद, सीएसएम चालू, पडद्याच्या प्रोग्रामसाठी जुनी पद्धत, डिस्कसाठी नवीच ठेवली. सेव्ह केलं. वीज काढली, कार्ड बसवलं, वायर कार्डात लावली.

बटण त्यानेच दाबलं. एक आखूड बीप, आणि मॉनिटरवर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह.

त्याने आधी फुटेजचं फोल्डर उघडून बघितलं, मग घरी फोन लावला. "बाबा, चालू झाला. नाही, काही नवीन घेतलं नाही. वीस रुपयांचा एक भोंगा घेतला." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण पोरगा हसला.

दुकानदाराला मी दोष देत नाही. दिवसाला तो तीस मशीनं बघतो, आणि काळा पडदा बघून मीही तेच केलं होतं. मुलाने मात्र जाताना विचारलंच, "आजोबा, परवा तुम्ही तर बोलले होते कार्ड मेलंय?"

"बोललो होतो," म्हटलं. "चुकलो."

तो बझर त्याने काढला नाही, आत तसाच लावून ठेवलाय. सध्या रात्री दोन मॉनिटर लावून एडिटिंग चालतं. सकाळी त्याने मशीन सुरू केलं की आमच्या गल्लीत कधीकधी तो एक आखूड पिप ऐकू येतो.

जय हिंद.